पाच नंबरची पारंबी

करंजपूरच्या लोकांनी बांधलेले पूल पाहिले होते, खचलेले पाहिले होते, आणि मंत्र्यांची तारीख मिळेना म्हणून फीत न कापता पडून राहिलेलेही पाहिले होते. पण पूल लावायचा, त्याला पाणी घालायचं आणि तो मोठा होईपर्यंत गप्प बसायचं, हे ऐकल्यावर अख्खी सभा हसली होती. "आता नर्सरीत उड्डाणपूल मिळतील," असं मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं आणि जानकी थोरवत व्यासपीठावर कानापर्यंत लाल झाली. त्याला सहा वर्षं होत आली. तेव्हा हसलेली मंडळी आता बाहेरगावच्या पाहुण्यांना मुद्दाम नदीवर घेऊन यायची आणि "हा आमचा पूल" म्हणून मिरवायची.

आणि पूल होताच तसा. कृष्णेच्या अलीकडच्या काठावर जुना वड होता. त्याच्या सात पारंब्या ऐंशी मीटरचं पात्र ओलांडून पलीकडच्या मातीत रुजल्या होत्या. खाली खांब नाही, वर लोखंड नाही. पारंब्या एकमेकींत गुंतून त्यांची जाळी झाली होती आणि जाळीवर दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढी वाट. शाळेच्या वह्यांवर, दुधाच्या पिशव्यांवर, लग्नाच्या पत्रिकांवरसुद्धा तो छापला जात होता. फक्त त्याच्यावरून अजून कुणी चाललं नव्हतं. पंधरा ऑगस्टला तो उघडायचा होता, आणि आज जुलैची अठरा तारीख, सोमवार.

त्या सकाळी जानकी नदीवर नव्हती. हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर ती सासूबाईंच्या शेवटच्या तपासण्यांची फाईल घेऊन बसली होती. गुरुवारी सकाळी सासूबाईंची एक किडनी त्यांच्या मुलाला, म्हणजे जानकीच्या नवऱ्याला, धैर्यशीलला बसवायची होती. जानकी बसली होती असं आपलं म्हणायचं. दर दोन मिनिटांनी ती उठायची, खिडकीपर्यंत जायची, फोन बघायची, परत यायची. पारंब्यांतून वाहणाऱ्या रसाचे आकडे तिच्या फोनवर येत. सहा पारंब्या शंभरपैकी नव्वदच्या वर होत्या. पाच नंबरची शनिवारी चाळीस, काल एकतीस, आता बावीस.

"यंत्र बिघडलं असेल," ती स्वतःशीच म्हणाली. तिला ते पटलं नाही. फाईल नर्सच्या हातात देऊन ती रिक्षानं नदीवर आली.

बाबालाल मुजावर वडाखाली उकिडवे बसले होते. तीन पिढ्या आंब्या-पेरूची कलमं बांधण्यात गेलेलं घराणं. पुलाची देखभाल पहिल्या दिवसापासून त्यांच्याकडे होती. जानकी त्यांना चाचा म्हणायची.

"या ताई," ते म्हणाले. "कीड न्हाई, रोग न्हाई. फास लागलाय."

पाच नंबरची पारंबी पाराला लागून, छातीच्या उंचीवरून आडवी नदीकडे जात होती. तिच्यावर दोऱ्यांचा जाडजूड थर होता, चार वटपौर्णिमांचा. तिच्याभोवती फेरे घालायला जागा नव्हती, म्हणून करंजपूरच्या बायकांनी आपली वेगळीच रीत काढली होती. एक अलीकडे उभी राहायची, एक पलीकडे, आणि दोऱ्याचं रीळ वरून द्यायचं, खालून घ्यायचं, असे सात वेढे. चाचांनी चाकूच्या पात्यानं थर थोडा सरकवला. दोऱ्यांच्या झाडाकडच्या बाजूला पारंबी सुजून टम्म झाली होती. नदीकडच्या बाजूला तिची साल सुरकुतली होती.

जानकीला सगळं एका क्षणात कळलं.

वडाची पारंबी ही चीज मोठी अजब असते. हवेत लोंबते तोवर ती लवचीक असते. टोक मातीत रुजलं की तिच्या आतले तंतू आखडतात आणि ती आपली आपणच ताठ ओढली जाते. दोन पारंब्या एकमेकींवर दाबून बांधल्या तर काही महिन्यांत त्या एकजीव होतात. मेघालयात लोक मुळांचे पूल पिढ्यान् पिढ्या करत आलेत, पण एका पुलाला पंचवीस-तीस वर्षं जातात. जानकीच्या प्रयोगशाळेनं तो वेळ कमी केला होता. त्यांनी एक लेप बनवला. त्यातले बदल केलेले जिवाणू पारंबीच्या टोकाशी मुक्काम करतात आणि वाढीचं संप्रेरक तिथल्या तिथे तयार करतात. ज्या बाजूला मंद निळा उजेड दाखवाल, त्या बाजूला पारंबी वळते आणि दिवसाला वीतभर पुढे जाते. वर्षभरात तिनं नदी ओलांडली. पुढची चार वर्षं ती नुसती जाड होत राहिली.

जाड होण्यातच घात झाला. झाडाचं अन्न पानांत बनतं आणि सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरतं. दोरा सैल दिसतो, पण पारंबी आतून फुगत जाते आणि दोरा जागचा हलत नाही. शेवटी तो सालीत रुततो, आणि अन्नाची वाट बंद होते. पलीकडच्या काठावरून पाणी मिळत राहतं, म्हणून पारंबी वरून धड दिसते आणि आत उपाशी मरत असते.

साधा सुती दोरा असता तर एका पावसात कुजून गेला असता. हे दोरे सुती नव्हते. तीन वर्षांपूर्वी, लोकांना पूल आपला वाटावा म्हणून, जानकीनंच वटपौर्णिमेचा कार्यक्रम ठेवला होता. खोडावर सगळी यंत्रं होती, म्हणून तिनं खोडाला कुंपण घातलं आणि बायकांना ही पारंबी मोकळी करून दिली. पहिला दोरा तिनं स्वतः बांधला. फोटोग्राफर म्हणाला, सुती दोरा फोटोत उठून दिसत नाही मॅडम, हा सोनेरी घ्या. प्लॅस्टिकच्या धाग्याचा, चकचकीत. दुसऱ्या वर्षापासून नदीवरच्या सगळ्या टपऱ्यांवर तोच सोनेरी दोरा विकायला आला.

"सगळ्यात खोल हा बघा," चाचा म्हणाले. सालीच्या फटीत, बोटभर आत, काहीतरी पिवळं चमकत होतं. "पारंबी मनगटाएवढी होती तवाचा."

"तो माझा आहे," जानकी म्हणाली.

चाचांनी चाकूचं पातं बाहेर काढलं. मग त्यांनी उपाय सांगितला. वरचे दोरे काढायचे, सालीला उभी चीर द्यायची, आतला दोरा तोडून काढायचा, आणि वडाच्याच कोवळ्या डहाळ्या सुजेपासून खालच्या सालीपर्यंत कलम करून जोडायच्या, म्हणजे अन्न त्यांतून उतरेल. उंदरांनी पेरूची साल खाल्ली की ते असंच करायचे. पण हे बुधवारपर्यंत व्हायला हवं. गुरुवारी केलं तर मेलेल्याला औषध. आणि पाच नंबर मेली तर तिच्याशी एकजीव झालेल्या बाकीच्या सहांमध्ये कूज शिरणार. मग पूल विसरायचा.

"तर मग करू या," ती म्हणाली.

"बाकीचं सगळं करतो, ताई. तुमचा दोरा मी तोडणार न्हाई."

"का?"

"सवाष्णीचा हाय. आनि गुरुवारी साहेबांचं ऑपरेशन. माझ्या हातनं व्हायचं न्हाई ते."

"चाचा, तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा," ते म्हणाले, आणि चाकू पुसत बसले.

दुपारी ती घरी गेली तेव्हा सासूबाई हॉस्पिटलची पिशवी भरत होत्या. इंदुमती थोरवत, वय चौसष्ट. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होत्या; त्यांच्यासमोर भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची. जानकी त्यांना मामी म्हणायची. तिनं ठरवलं होतं की काही बोलायचं नाही. पण घरात शिरल्यावर ती तीनदा स्वयंपाकघरात गेली आणि तीनदा रिकाम्या हातानं बाहेर आली, तेव्हा मामींनी पिशवी बाजूला ठेवली.

"काय ते सांगून टाक. माझं डोकं गरगरायला लागलं तुझ्याकडं बघून."

जानकीनं सांगितलं. मामींनी सगळं ऐकून घेतलं.

"दोरा बांधताना तू हसत होतीस," त्या म्हणाल्या. "मी बघितलंय. फोटोसाठी बांधलास. त्याच्या पुढल्याच महिन्यात धैर्याच्या किडन्यांचं कळलं. सहा महिन्यांत डायलिसिस लागंल म्हणाले डॉक्टर. अडीच वर्षं लागलं न्हाई."

"मामी, ते औषधांमुळे."

"असंल. मी न्हाई कुठं म्हणते? औषधानं झालं असंल, पथ्यानं झालं असंल, दोऱ्यानं झालं असंल. तुला ठावं हाय का नक्की कशानं झालं?"

जानकीला उत्तर देता आलं असतं. रक्तातल्या प्रथिनांचे आलेख तिच्याकडे होते. पण मामींनी एक घडी घातलेलं लुगडं उलगडून परत घडी घातली, आणि त्यांचे हात कापताना दिसले, म्हणून ती गप्प राहिली.

"मी किडनी देतेय, जानकी," मामी म्हणाल्या. "तू तीन दिवस दे."

मंगळवारी सकाळी तिनं मामींना हॉस्पिटलात दाखल केलं आणि तशीच, आधीपासून तिथं असलेल्या धैर्यशीलच्या खोलीत गेली. तो हायस्कुलात भूगोल शिकवायचा. पलंगावर मांडी घालून तो पोरांच्या चाचणीचे पेपर तपासत बसला होता.

"एकानं लिहिलंय, कृष्णा नदी करंजपूरच्या पुलाखाली उगम पावते," तो म्हणाला. "तुझी कीर्ती कुठवर गेलीय बघ."

तिला हसू आलं नाही. ती पलंगाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत सगळं बोलली: दोरा, चाचा, मामी, बुधवार. तो म्हणेल, वेडी आहेस का, काप की, हे तिनं गृहीत धरलं होतं. सतरा वर्षांच्या संसारात अमावास्येला नवीन गाडी घेऊन येणारा हा माणूस. तिला फक्त त्याच्या तोंडून तेवढं ऐकायचं होतं, मग ती धावत नदीवर जाणार होती.

धैर्यशीलनं पेनाला टोपण लावलं.

"खरं सांगू? राहू दे असं वाटतंय."

"तू? तू असं म्हणतोयस?"

"डोक्याला सगळं कळतं गं. पण परवा मला टेबलावर झोपवणार, आणि शेजारच्या खोलीत आईला. अशा वेळी कुणी म्हणालं की जमिनीवरच्या फरशीची रेघ ओलांडू नकोस, तर मी ओलांडणार नाही." तो जरा थांबला. "आणि तुझा पूल मेला तर मला आयुष्यभर तोंड दाखवायला जागा राहणार नाही, हेही कळतं. त्यामुळे मला विचारू नकोस. काप म्हटलं तरी मीच, नको म्हटलं तरी मीच. हे माझ्यावर ढकलू नकोस, जानकी."

तिला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा आला. कारण राहू दे म्हटल्यावर तिला आत कुठेतरी हायसं वाटलं होतं. ती, जिनं झाडाच्या मुळांना नदी ओलांडायला शिकवलं, ती एका प्लॅस्टिकच्या दोऱ्याला भीत होती. बाहेर येऊन तिनं फोन बघितला. आकडा चौदावर आला होता.

संध्याकाळी पूल मंडळाचे अध्यक्ष रणनवरे यांचा फोन आला. बातमी शहरभर झाली होती. "मॅडम, उद्या उजाडताच पोलीस देतो. बायका यायच्या आत दोरे कापून मोकळे व्हा. नंतर बोंबलू देत." जानकीनं नको म्हणून सांगितलं. एवढ्या बायकांनी विश्वासानं बांधलेलं चोरासारखं कापायचं, हे तिच्याच्यानं होणार नव्हतं. तिनं करंजपूरच्या सगळ्या मोबाइलवर एक निरोप पाठवला: चूक माझी आहे, बुधवारी सकाळी आठला नदीवर या, समोरासमोर बोलू.

बुधवारी आठ वाजता पारावर पाय ठेवायला जागा नव्हती. पाचसहाशे बायका सहज असतील. जानकी कट्ट्यावर उभी राहिली आणि तिनं काही न लपवता सांगितलं. कुंपण कुणी घातलं, सोनेरी दोरा पहिल्यांदा कुणी आणला, पारंबीच्या आत काय चाललंय, आजचा दिवस गेला तर काय होईल.

खानावळ चालवणारी वैजयंता माने पुढे आली. पदर खोचलेला, कामावरून तशीच आलेली.

"मॅडम, तुमचं सगळं पटलं. एकच सांगा. तुमचा दोरा कापला का तुम्ही?"

सगळ्यांना धैर्यशीलचं ऑपरेशन माहीत होतं. करंजपुरात असल्या गोष्टी लपत नाहीत. जानकीला 'कापला' म्हणून वेळ मारून नेता आली असती. आत रुतलेला दोरा कुणाला दिसत नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "परवापासून तीनदा चाकू हातात घेतला. माझी छाती होत नाही."

कुणी हसलं नाही. मागे कुठेतरी एक म्हातारी "बाई गं" म्हणाली, तेवढंच.

"मग आमचं काय वेगळं हाय?" वैजयंता म्हणाली, पण तिच्या आवाजातली धार गेली होती. ती पारंबीपाशी गेली, दोऱ्याच्या थरावरून हात फिरवत उभी राहिली. "कापायचं कशाला? उलगडता येईल की. जसा बांधला तसा उलगडायचा आणि खोडाला बांधायचा. खोडाला तर काय होत न्हाई ना?"

"काही होत नाही," जानकी म्हणाली. "खोडाची साल जाड असते. मी कुंपण काढते." हे इतकं साधं होतं की दोन रात्री येरझाऱ्या घालूनही तिला सुचलं नव्हतं. तिनं स्वतःच कुंपणाच्या तारा सोडायला घेतल्या.

मग जे सुरू झालं ते दुपारपर्यंत चाललं. एक अलीकडे, एक पलीकडे, खालून द्यायचं, वरून घ्यायचं. दोरे एकमेकांत असे गुंतले होते की कुणाचा कुठला याचा पत्ताच लागेना. "माझ्या हातात कुणाचा नवरा आलाय कुणास ठाऊक," एक तरुण पोरगी म्हणाली. "बरा दिसला तर ठेवून घे," दुसरी म्हणाली, आणि पहिल्यांदा त्या पारावर हशा पिकला. जे निघाले ते खोडाला गेले. जे निघेनात ते चाचांनी गाठीशी सोडवून दिले. दोन वाजता पारंबी उघडी पडली. तिच्या कमरेत एक खोल वळ होता आणि त्या वळात, सालीच्या आत, सात वेढे.

हा उलगडणारा नव्हता. हे चाचांनी सांगायच्या आधीच सगळ्यांना दिसलं. बायका आपोआप मागे सरकल्या. कुणी काप म्हणालं नाही, कुणी नको म्हणालं नाही. वैजयंतानं फक्त जानकीच्या खांद्यावरची पर्स काढून आपल्या हातात घेतली.

चाचांनी सालीला चीर दिली. पांढरा चीक वाहायला लागला. त्यांनी चाकू पुसून जानकीपुढे धरला आणि तोंड दुसरीकडे वळवलं.

तिला त्या क्षणी काहीही सुचलं नाही, ना विज्ञान, ना देव. फक्त पेनाला टोपण लावणारा धैर्यशील दिसत होता. पहिला वेढा तुटायला वेळ लागला. दुसरा लवकर तुटला. सातवा तोडताना ती रडत होती आणि तोडत होती. मग चाचा पुढे झाले आणि त्यांनी ओल्या फडक्यातून एक एक डहाळी काढून कलम बांधायला सुरुवात केली.

गुरुवारी सकाळी सात वाजता हॉस्पिटलच्या लांब व्हरांड्यात दोन स्ट्रेचर आले. धैर्यशीलला आधी नेलं. त्यानं तिच्या हातावरचा चिकाचा काळा पडलेला डाग बघितला, तिची बोटं घट्ट दाबली आणि सोडून दिली.

मामींना मंगळवारपासून फोन दिला नव्हता. त्यांचं स्ट्रेचर दारापाशी थांबलं. हिरव्या टोपीत त्यांचा चेहरा एवढासा दिसत होता.

"दोरा हाय न्हवं गं?" त्यांनी विचारलं.

आत्ता 'आहे' म्हणणं किती सोपं होतं. भूल देणाऱ्या डॉक्टरनं मघाशीच बजावलं होतं की त्यांना शांत राहू द्या. रक्तदाब वाढला तर सगळं पुढे ढकलावं लागेल. जानकीनं तोंड उघडलं आणि तिला समोरच्या बाईचे लुगड्याची घडी घालताना कापणारे हात आठवले. या बाईच्या अंगातला एक तुकडा थोड्या वेळानं काढून घेणार होते, आणि हिला काय चाललंय ते खरं कळायला नको?

"नाही, मामी. काल मी कापला. माझ्या हातानं."

मामींनी डोळे मिटले. वॉर्डबॉय एकदा जानकीकडे, एकदा घड्याळाकडे बघत होता.

मग मामींनी डोळे उघडले. त्यात राग होता, भीती होती, आणि एसटीच्या दारात उभं राहून गर्दीला आत सरकवणाऱ्या बाईचा करडा निश्चयही होता.

"बरं," त्या म्हणाल्या. "म्हणजे आता सगळं माझ्या एकटीवर आलं."

आणि वॉर्डबॉयकडे मान वळवून म्हणाल्या, "बघत काय उभा राहिलास? ढकल की बाबा आत. पोरगं वाट बघत असंल."